गोळी अडत नव्हती, तरी चिलखत का? पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतलं पोलाद

मोबाइलवर एक जुना फोटो अधूनमधून फिरत असतो. पहिल्या महायुद्धातला जर्मन सैनिक, डोक्यावर कानांपर्यंत उतरलेलं पोलादी हेल्मेट, छातीवर भलामोठा पत्रा आणि त्याखाली जांघेपर्यंत लोंबणारे तीन आडवे पत्रे. खाली प्रतिक्रिया ठरलेली: मशीनगनच्या जमान्यात हा माणूस जुन्या काळच्या सरदारासारखं लोखंड घालून का उभा आहे? गोळी आरपार जात नव्हती का?

जात होती. जवळून झाडलेली रायफलची गोळी त्या पत्र्याला भोक पाडायची, आणि हे तो पत्रा बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. तरीही जर्मनीने अशी सुमारे ५ लाख चिलखतं आपल्या सैन्याला दिली. फ्रान्स, ब्रिटन, इटली आणि शेवटी अमेरिका, सगळेच या मागे लागले होते. एवढे सगळे देश एकाच वेळी चुकत असतील असं मानण्यापेक्षा आपणच प्रश्न चुकीचा विचारतोय का, हे आधी बघायला हवं.

चिलखत कधीच "सगळ्यापासून" वाचवत नाही. प्रतापगडाच्या भेटीत महाराजांच्या अंगरख्याखाली होतं ते कड्यांचं चिलखत पात्यासाठी होतं, आणि त्या कामाला ते पुरलं. तेच चिलखत बंदुकीपुढे टिकलं नसतं. म्हणून कुठलंही चिलखत समोर आलं की पहिला प्रश्न असा विचारायचा: हे कशाला अडवण्यासाठी केलंय?

## खंदकात माणसं मरत कशाने होती?

सिनेमात दिसतं ते संगिनींचं आणि मशीनगनचं युद्ध. खंदकात मात्र माणूस दिवसचे दिवस जमिनीच्या पातळीखाली बसलेला असे. समोरून येणारी गोळी त्याच्या डोक्यावरून जाई. त्याला गाठत असे ते वरून पडणारं, म्हणजे तोफगोळा. ब्रिटिश वैद्यकीय नोंदींमध्ये दोन लाखांहून जास्त जखमींच्या जखमा कशाने झाल्या याचा हिशेब आहे. त्यात तोफगोळे आणि उखळी तोफांच्या जखमा सुमारे ५८.५ टक्के, गोळीच्या ३९ टक्के, आणि संगिनीच्या जेमतेम ०.३ टक्के. संगिनीचा आकडा पुन्हा वाचावा असा आहे.

तोफगोळे मुख्यतः दोन जातींचे. पहिला श्रापनेल. हा गोळा म्हणजे पोलादी डबा, आत शिशाच्या गोट्या आणि तळाशी थोडी दारू. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या श्रापनेल गोळ्यात सुमारे ३७५ गोट्या असत, प्रत्येक अंदाजे ११ ग्रॅमची. गोळा डागण्याआधी त्याच्या टोकावरच्या फ्यूजवर वेळ लावायची. गोळा लक्ष्याच्या थोडा अलीकडे हवेतच फुटे आणि गोट्या पुढे-खाली अशा सांडत, जसं सुपातलं धान्य एका झटक्यात उधळावं. दुसरी जात भडक्या दारूच्या गोळ्यांची. यात गोट्या नसतात, गोळ्याच्या जाड कवचाच्याच ठिकऱ्या उडतात, काही नखाएवढ्या, काही तळहाताएवढ्या.

या ठिकऱ्या फुटतात त्या क्षणी भयंकर वेगात असतात, पण त्या वेड्यावाकड्या. हवा त्यांना अडवते आणि वेग भराभर उतरतो. शेजारी फुटलेल्या गोळ्यापासून कुठलंच चिलखत वाचवत नव्हतं. थोड्या अंतरावर फुटलेल्या गोळ्याच्या ठिकऱ्या मात्र मंदावलेल्या असत. कापड आणि कातडी सहज फाडतील, कवटीतही घुसतील, पण पातळ पोलादापुढे अडतील, इतपतच त्यांच्यात दम उरलेला असे.

## थोडं गणित, एकदाच

मारा किती जोराचा हे मोजायला ज्यूल हे माप वापरतात. १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलायला साधारण १ ज्यूल ऊर्जा लागते.

१४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १२० ज्यूल असतात. श्रापनेलची ११ ग्रॅमची गोटी सेकंदाला २३० मीटर वेगाने आली तर सुमारे २९० ज्यूल. म्हणजे दोन-अडीच चेंडूंएवढा मार, पण तो सगळा लहान गोटीएवढ्या जागेवर. चपलेने पाय दाबला तर काही होत नाही, त्याच वजनाने खिळा घुसतो, तसं.

आता रायफल. नळीतून निघताना ब्रिटिश ३०३ रायफलच्या गोळीत सुमारे ३,१०० ज्यूल, जर्मन माउझरच्या टोकदार गोळीत ३,८०० च्या आसपास. गोटीच्या दहा ते तेरा पट! शिवाय गोळी अणकुचीदार, म्हणजे जागा आणखी कमी.

ब्रिटिश हेल्मेटकडून अपेक्षा होती ती नेमकी त्या २३० मीटर वेगाच्या गोटीला अडवण्याची. रायफलची गोळी अडवायची अट त्यात नव्हतीच. ही एक गोष्ट मनाशी धरली की पुढचं सगळं उलगडत जातं: पत्रा इतका पातळ का, आकार असा का, आणि छातीचं चिलखत ठरावीक लोकांनाच का.

## १९१४: डोक्यावर कापड आणि कातडं

युद्ध सुरू झालं तेव्हा कुठल्याच मोठ्या सैन्याच्या पायदळाकडे पोलादी हेल्मेट नव्हतं. फ्रेंचांची कापडी केपी टोपी. जर्मनांचं वर सुळका असलेलं पिकेलहाउब, दिसायला दणकट, पण उकळून घट्ट केलेल्या कातड्याचं. ब्रिटिशांची कापडी टोपी. गंमत अशी की फ्रेंच घोडदळातले क्विरासिए ऑगस्ट १९१४ मध्ये छातीवर चकचकीत पोलादी चिलखत घालूनच लढाईला निघाले होते, चमक दिसू नये म्हणून वर कापड चढवून. चिलखत होतं ते घोडेस्वाराला, मागच्या शतकातल्या तलवारी-भाल्यांसाठी. ज्याच्या डोक्यावर लोखंड पडणार होतं तो पायदळी मात्र उघडा.

आपल्या लोकांचा याच्याशी थेट संबंध आहे. १९१४ च्या शरद ऋतूत मार्सेय बंदरात उतरलेल्या भारतीय कोअरच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन बेल्जियम-उत्तर फ्रान्समधल्या फ्लांडर्सच्या खंदकांत गेल्या. मार्च १९१५ ला नव्ह-शापेलला त्या लढल्या. हे पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलवलं गेलं, आणि ब्रिटिश हेल्मेटं तोवर जेमतेम खंदकांत पोचू लागली होती. म्हणजे त्या सगळ्या काळात तोफगोळे आणि भारतीय सैनिकाचं डोकं यांच्यामध्ये होतं ते बहुतेक वेळा फेट्याचं कापड.

## सुरुवात डोक्यापासूनच का?

खंदकात बाकी शरीर मातीआड असतं, बाहेर डोकावतं ते डोकं. शिवाय डोकं लहान, त्यामुळे झाकायला धातू कमी लागतो. अर्ध्या-एक किलोत काम होतं.

पहिली हालचाल फ्रेंचांनी केली. ऑगस्ट-लुई आद्रियां या पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्याने केपीच्या आत घालायची पोलादी वाटी काढली. हो, अक्षरशः वाटी. १९१५ च्या सुरुवातीला अशा सुमारे ७ लाख वाट्या वाटल्या गेल्या. डोक्यावर त्या नीट बसत नसत, टोचत. काहींनी त्यात स्वयंपाक केल्याचंही सांगतात. पण जीव वाचतात हे दिसलं, आणि त्याच वर्षी आद्रियांचं पूर्ण हेल्मेट आलं. साध्या मऊ पोलादाचा ०.७ मिलिमीटरचा पत्रा, वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर. वाटी, पुढची झडप, मागची झडप आणि डोक्यावरचा तुरा असे सुटे भाग जोडलेले. तुरा निव्वळ शोभेचा नव्हता, त्याखाली हवेची फट होती. १९१५ संपेपर्यंत ३० लाखांहून जास्त हेल्मेटं तयार झाली होती. उणीव एवढीच की मऊ पत्रा, त्यात जोडकाम आणि भोकं. संरक्षण इतरांपेक्षा कमी, पण ते पहिलं आलं, आणि लवकर आलेलं बेताचं हेल्मेट उशिरा आलेल्या उत्तम हेल्मेटपेक्षा जास्त जीव वाचवतं.

ब्रिटिशांचं हेल्मेट जॉन ब्रॉडी यांनी १९१५ मध्ये काढलं. उपडी परात म्हणावी असं, एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं. जोड नाही, हवेची भोकं नाहीत, झटपट बनणारं. रुंद कडेमुळे वरून पडणाऱ्या गोट्यांपासून मान आणि खांदेही काहीसे झाकले जात. मानेची मागची बाजू आणि कानशिलं मात्र उघडीच. सुरुवातीला ती इतकी थोडी होती की सैनिकाची नव्हे, खंदकाची मालमत्ता असत. पाळी संपली की काढून पुढच्या तुकडीच्या हातात द्यायची. १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत दहा लाखांच्या आसपास झाली, तेव्हा कुठे प्रत्येकाला आपापलं मिळालं. गुळगुळीत पृष्ठभाग ओला झाला की चमके, म्हणून ओल्या रंगावर वाळू किंवा भुसा टाकून तो खरखरीत करत.

जर्मनांनी वेळ घेतला. आउगुस्ट बीअर हे शल्यविशारद जखमींच्या मेंदूतून बारीक बारीक लोखंडी ठिकऱ्या काढत होते. इतका क्षुल्लक तुकडा माणूस मारतोय, तर पातळ पोलादही पुरेल, हे त्यांच्या लक्षात आलं. हानोव्हरच्या तांत्रिक विद्यालयातले फ्रीडरिश श्वेर्ड यांनी आराखडा केला, आणि १९१६ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या व्हेर्दांच्या आघाडीवर ते हेल्मेट, श्टालहेल्म, पोचलं. सुमारे १.१ मिलिमीटर जाड मिश्र पोलाद, वजन साधारण १.२ किलो, कान आणि मान झाकणारा खोल आकार. तिन्हींत संरक्षणाच्या दृष्टीने हेच सरस.

## पत्रा तुकड्याला अडवतो म्हणजे काय करतो?

पत्रा दोन प्रकारे हरतो. फार कडक असेल तर काचेसारखा तडकतो, आणि त्याच्याच कपच्या डोक्यात जातात. फार मऊ असेल तर तुकडा लोण्यासारखा त्यातून पार होतो. हवं असतं ते मधलं: ताणला जाईल, खोलगट होईल, पण फाटणार नाही. त्या ताणण्यात तुकड्याचा जोर खर्च होतो.

ब्रिटिशांना यात एक तयार देणगी मिळाली, शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांचं मँगनीज पोलाद. त्यात साधारण १२ टक्के मँगनीज असतं, आणि त्याचा गुण असा की जिथे मार बसतो तिथेच ते आणखी घट्ट होतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल तर हे समजावं लागणार नाही. तांब्याचा पत्रा हातोडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक ताठर होत जातो, म्हणूनच मठारलेलं भांडं पातळ असूनही चेपत नाही. मँगनीज पोलादात हेच फार मोठ्या प्रमाणात घडतं. तुकडा आदळतो, पत्रा आत दबतो, आणि दबता दबताच कडक होत जाऊन तुकड्याला थोपवतो.

दबणं म्हणजे मात्र पोचा, आणि पोचा आतल्या बाजूला येतो. डोकं पत्र्याला चिकटून असेल तर तुकडा अडला तरी पोचाच कवटीवर आदळेल. म्हणून प्रत्येक हेल्मेटच्या आत दोन-अडीच सेंटिमीटरची मोकळी जागा राखणारं अस्तर असतं. जर्मन अस्तरात कातड्याच्या पट्टीवर तीन गाद्या होत्या, आत भरण कमी-जास्त करून हेल्मेट डोक्याला बसवायचं. ही रिकामी जागा पत्र्याइतकीच कामाची. आजही दुचाकीवर सैल किंवा आतला थर्माकोल काढून टाकलेलं हेल्मेट घालणारे नेमकं हेच गमावतात.

जर्मन पोलादाचा मार्ग वेगळा होता. पत्रा दाबून खोल आकार द्यायचा आणि मग पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करायचं आणि कडकपणा कामाअंती आणायचा. पोचा कमी पडे, पण कारखान्यात पायऱ्या वाढत आणि पाणी देताना जरा चूक झाली की सगळं हेल्मेट ठिसूळ.

## छातीवर हेच का नाही? वजन करून बघू

एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर ७.८५ किलो भरतो. माणसाची पुढची बाजू गळ्यापासून जांघेपर्यंत, साधारण ३५ बाय ८० सेंटिमीटर धरू. म्हणजे ०.२८ चौरस मीटर. दर मिलिमीटर जाडीला २.२ किलो.

हेल्मेटइतका एक मिलिमीटरचा पत्रा छातीवर बांधला तर सव्वादोन किलो. सुसह्य, पण अडवणार फक्त मंदावलेल्या गोट्या. तीन-सव्वातीन मिलिमीटर केला तर सात किलो, त्यात खांद्याचे आकडे आणि एकावर एक येणाऱ्या कडा धरून नऊ-दहा. आणि जवळची रायफल अडवायची म्हटलं तर? १९१६ मध्ये आलेल्या पहिल्या ब्रिटिश रणगाड्याचं कवच ६ ते १२ मिलिमीटर होतं. सहा मिलिमीटर धरले तरी १३ किलो होतात, ते फक्त पुढच्या बाजूला. पाठ, बाजू, हातपाय मोकळेच.

फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ ला ब्रिटिश सैनिक अंगावर आधीच सुमारे ३० किलो घेऊन चालत होता: रायफल, काडतुसं, हातबॉम्ब, पाणी, फावडं, काटेरी तार. त्यात आणखी १३ किलो टाकले की माणूस चिखलात हळू होतो. हळू झालेला माणूस गोळ्यांच्या माऱ्यात जास्त वेळ उघडा राहतो. चिलखत जेवढं वाचवतं त्याहून जास्त गमावायला लावतं. हा हिशेब कुठल्याच सैन्याला चुकवता आला नाही.

## जर्मन छातीपत्रा, जवळून

आता त्या फोटोतल्या चिलखताकडे वळू. १९१६ पासून आलेलं हे चिलखत झापेनपांझर म्हणून ओळखलं जातं. सुमारे सव्वातीन मिलिमीटरचं निकेल-सिलिकॉन पोलाद, आकारानुसार ९ ते ११ किलो. वरचा मोठा पत्रा छातीचा, त्याला रिव्हेटने बसवलेले दोन रुंद आकडे खांद्यावरून मागे वळतात. पाठीला काही नाही. खाली तीन पत्रे दोन उभ्या पट्ट्यांवर टांगलेले, कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले.

खरी मेख त्या पत्र्यांच्या मधल्या जागेत आहे. चालताना पोलादावर पोलाद आपटलं की भांड्यांचा आवाज होणार, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर असा आवाज म्हणजे शत्रूला दिलेलं आमंत्रण. म्हणून पत्र्यांच्या मध्ये नमद्याच्या, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड थराच्या, गाद्या घातल्या. ही लहानशी गादी सांगते की चिलखत कुणासाठी होतं: शत्रूची चाहूल चोरून ऐकायला पुढे खणलेल्या खड्ड्यात निश्चल बसलेल्या माणसासाठी, पहारेकऱ्यासाठी, मशीनगनवाल्यासाठी.

धावण्यासाठी ते निरुपयोगी होतं. वाकलं की खालचे पत्रे मांडीत रुततात. रांगणं जवळजवळ अशक्य, हातबॉम्ब फेकताना खांद्याचा आकडा आड येतो. रायफलचा दस्ता खांद्यात बसवायला जावं तर गुळगुळीत पोलादावरून घसरतो. ही तक्रार इतकी खरी होती की नंतरच्या आवृत्तीत उजव्या बाजूला दस्ता टेकवायला आधार आणि सामान अडकवायला आकडे जोडले गेले. काही जण ते पाठीवर उलटं टांगत, कारण तुकडा मागूनही येतो.

## कपाळावरची पाटी आणि मानेचा प्रश्न

श्टालहेल्मच्या दोन्ही बाजूंना शिंगासारखे दोन खुंट दिसतात. ते पोकळ आहेत, हवा खेळायला. पण त्यांचं दुसरं काम एक जाड कपाळपाटी अडकवणं हे होतं. हेल्मेटच्या कितीतरी पट जाड, दोन किलोंहून जड, मागून पट्ट्याने आवळायची. खंदकाच्या फटीतून फक्त कपाळ आणि डोळे बाहेर काढणाऱ्या पहारेकऱ्याला समोरून रायफलची गोळी लागण्याचा धोका असे, तेवढ्यासाठी ती होती.

ही पाटी गोळी अडवू शकत होती, पण गोळीचा धक्का कुठे जाणार? तो पाटीतून हेल्मेटमध्ये, हेल्मेटमधून मानेवर. शिवाय पुढे दोन-अडीच किलो लटकल्यावर मान सतत खाली ओढली जाते. सैनिकांनी ती फार वापरली नाही.

इटालियनांनी मिलानच्या फारिना यांचं चिलखत घेतलं, एका जाड पत्र्याऐवजी अनेक पातळ पत्रे एकावर एक रिव्हेट केलेलं. आल्प्सच्या पायथ्याशी काटेरी तारा कापायला जाणाऱ्या तुकड्यांना ते दिलं जाई. त्या तुकड्यांना सैनिक "मृत्यूच्या कंपन्या" म्हणत. भर उजेडात, मशीनगनसमोर, उभ्याने तार कापणं: या कामाला नऊ-दहा किलोंचं कुठलंच चिलखत पुरणार नव्हतं.

## रेशीम अडवतं म्हणे?

अडवतं, आणि हे थोतांड नाही. रेशमाचे थरावर थर शिवले तर बोथट, संथ शिशाची गोळी त्यात गोलपोस्टच्या जाळीतल्या चेंडूसारखी अडकते. शिकागोतले पाद्री काझिमिएझ झेग्लेन यांनी १८९० च्या दशकातच असा अंगरखा करून दाखवला होता. ब्रिटिशांनी खंदकांसाठी रेशमी गळपट्टे काढले, कारण हेल्मेट आणि कोट यांच्यामधला गळा उघडा राहतो. तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा मंद तुकड्यांविरुद्ध ते चांगले ठरत.

मग अडचण कुठे आली? टोकदार, वेगवान गोळी धाग्यांना ताणायला वेळच देत नाही, बाजूला सारून निघून जाते. संगिनीचंही तेच. पाणी, चिखल आणि घामात रेशीम कमकुवत होतं, आणि खंदकात या तिन्हींचीच रेलचेल. शिवाय किंमत. पैठणीचा भाव माहीत असलेल्यांना लाखो सैनिकांना रेशमाचे डझनावारी थर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

ब्रिटनमध्ये खाकी कापडात पातळ पत्रे शिवलेली डेफील्डसारखी चिलखतं दुकानातून विकत मिळत. ती सरकारी नव्हती, मुलगा आघाडीवर असलेली घरं पदरचे पैसे घालून घेत. पत्रा मंद तुकडे अडवे, रायफल नाही.

## अमेरिकेचा प्रयत्न: संग्रहालयातली ऐरण

अमेरिका युद्धात उतरली १९१७ मध्ये, आणि तिने हे काम एका अनपेक्षित माणसाकडे दिलं. बॅशफर्ड डीन हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जुन्या चिलखतांच्या विभागाचे प्रमुख, आणि प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, त्यातही मासे हा त्यांचा खास विषय. अंगावर हाडांचं कवच असलेल्या प्राचीन माशांच्या जीवाश्मांवर त्यांचा अभ्यास होता. संग्रहालयाचे चिलखतकार दान्येल ताशो यांनी जुन्याच ऐरणी आणि हातोड्यांवर नव्या हेल्मेटांचे नमुने ठोकले. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी सोडवलेले प्रश्न, म्हणजे कडा कुठे वळवायची, उतार किती द्यायचा, हे त्यांना हाताने माहीत होतं. त्यांतलं एक खोल हेल्मेट संरक्षणात चांगलं होतं. नाकारलं गेलं, कारण ते दुरून जर्मन हेल्मेटसारखं दिसे, आणि आपल्याच माणसाच्या गोळीचा धोका कुणाला हवा? अमेरिकी सैन्य शेवटपर्यंत ब्रॉडीच्याच धर्तीचं हेल्मेट घालून लढलं.

याच काळात न्यू जर्सीचे गाय ओटिस ब्रूस्टर यांनी १८ किलोंचं क्रोम-निकेल चिलखत केलं. छातीला नावेच्या नाळीसारखा टोकदार उतार होता. उतरत्या कौलांवरून गारा घसरतात तशी गोळी घसरावी, हा हेतू. सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगाची लुइस मशीनगनची गोळी त्याने अडवली. पोलादाचं चिलखत रायफलची गोळी अडवू शकतं, हे त्याने सिद्ध केलं. ते घालून माणसाला खंदकातून बाहेर चढता येईल का, हा प्रश्न तसाच उरला.

## काही शंका

*चिलखतामुळे उलट इजा वाढायची का?* काही वेळा, हो. गोळी पत्र्यावर फुटली की तिच्या आवरणाचा आणि शिशाचा फवारा कडेने उडतो, हनुवटी, गळा आणि दंडांकडे. रणगाड्यांत हाच त्रास इतका होता की ब्रिटिश रणगाडा-सैनिकांना कातडं मढवलेले पत्र्याचे मुखवटे आणि तोंडापुढे कड्यांची झालर देण्यात आली. पत्रा भेदला गेला तर दुसरा धोका. सरळ जाणारी गोळी आडवीतिडवी होते आणि पत्र्याचे कपचे व मळकं कापड घेऊन आत जाते. फ्लांडर्सची शेतं पिढ्यान्‌पिढ्या खत घातलेली, मातीत गँगरीनचे जंतू, आणि प्रतिजैविकं अजून यायची होती. पण मंद तुकडे अडवण्यात वाचलेले जीव या नुकसानाहून कितीतरी जास्त होते.

*हेल्मेट आल्यावर डोक्याला जखमी झालेल्यांची संख्या वाढली, म्हणजे हेल्मेट वाईट?* हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. ज्याच्या डोक्यात तुकडा घुसून तो जागीच गेला, तो इस्पितळाच्या यादीत येतच नाही. हेल्मेटमुळे तोच माणूस खोक पडून इस्पितळात पोचला तर जखमींचा आकडा वाढतो, मृतांचा घटतो. फक्त एक रकाना वाचून निष्कर्ष काढला की असं होतं.

*मग पत्रा थोडा जाड करत का नाही नेले?* कारण समोरचाही गप्प बसत नाही. १९१५ मध्ये जर्मन नेमबाज खंदकावर उभ्या केलेल्या पोलादी पाट्यांमागून गोळ्या झाडत, तर ब्रिटिशांनी त्या भेदायला हत्तीच्या शिकारीच्या भारी बंदुका मागवल्या. जर्मनांकडे पोलादी गाभ्याची गोळी होती, ती पहिल्या रणगाड्यांनाही भोकं पाडत असे. गोळी सुधारायला काही ग्रॅमचा बदल पुरतो, चिलखत सुधारायला माणसाच्या खांद्यावर किलो चढवावे लागतात.

## आजची जॅकेटं

२६/११ नंतर "बुलेटप्रूफ जॅकेट" हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला, आणि त्यासोबत एक गैरसमजही, की जॅकेट म्हणजे कुठलीही गोळी अडवणारी वस्तू. मऊ जॅकेटातले केवलार या कृत्रिम धाग्याचे थर म्हणजे एका अर्थी त्या रेशमी गळपट्ट्याचे वंशज. धागा वेगळा, तत्त्व तेच: धाग्यांनी ताणत गोळी पकडायची. पिस्तुलाची गोळी आणि मंद तुकडे अडतात. एके-४७ ची गोळी सुमारे २,००० ज्यूल घेऊन निघते, तिला मऊ थर पुरत नाहीत. तिच्यासाठी खिशात वेगळी कडक पाटी सरकवावी लागते, बहुधा सिरॅमिकची. ती पोलादापेक्षा हलकी असते आणि गोळीचं टोक चुरडून टाकते, पण त्या जागी स्वतःही तडकते, त्यामुळे तिथेच दुसरी गोळी बसली तर भरवसा कमी.

ती पाटी हातात घेतली तर पहिल्यांदा आकार खटकतो. मध्यम मापाची पाटी साधारण २४ बाय ३२ सेंटिमीटर, वहीपेक्षा थोडी मोठी. हृदय, फुप्फुसं आणि त्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या एवढंच झाकते. खांदा नाही, पोटाचा खालचा भाग नाही, मांडी नाही. वापरणारा जवान ती पाटी छातीवर उंच, गळ्याच्या खळीच्या खाली बांधतो, कारण दोन बोटं खाली सरकली तर झाकायचं तेच उघडं पडतं.